रिकाम्या शेडचा कॅमेरा

अमरसिंह शेळके मंगळवार पेठेतल्या त्या छोट्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या हातात तीन कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं होती आणि चेहऱ्यावर घरात मयत झाल्यासारखी कळा होती.

दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मगदूम सिक्युरिटी कॅमेरे’ लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘खासगी तपास’. मालकीण क्रांती मगदूम हिचं पोट वरच्या ओळीवर चालत होतं आणि डोकं खालच्या. तिचा जोडीदार दादासो चौगुले हा पन्नाशीचा वायरमन होता. शिडीवर तो माकडासारखा चढे, पण विचार करताना प्रत्येक पायरीवर थांबून दम घेई.

“मैना गेली ओ माझी,” अमरसिंह खुर्चीत कोसळत म्हणाला.

दादासोनं घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. “अरारा! वय काय पोरीचं?”

“पोरगी न्हवं. म्हैस. तिसऱ्या वेताची.”

दादासोनं ग्लास निम्म्यात थांबवला, पण क्रांती हसली नाही. ती कोल्हापूरचीच होती. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी सजवून मिरवतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फडफडवत पुढे जातो आणि म्हैस त्या आवाजामागून धावते. ज्याची म्हैस देखणी आणि इमानी, त्याची मान वर्षभर ताठ. पाडवा आता बारा दिवसांवर आला होता.

“सांगा,” ती म्हणाली.

“सोमवारी मी सकाळीच दुधाचा टेम्पो घेऊन कोडोलीला शेतावर गेलतो. मोटरसायकल घरातच हुती. उचगावला गोठ्यात जोतीराम एकटा. बावीस वर्सं हाय आमच्यात. दोन ते चार तो वैरण कापायला गेलता म्हणतोय. चारला आला तर मैना न्हाय. सांजचं मला फोन आला.”

“त्याच्यावर संशय?”

“संशय कसला? समोरच्या आक्कानं बघितलंय त्याला, म्हैस न्हेताना. आणि मैना दोनच गोष्टीमागनं जाती. एक माझी गाडी, न्हायतर जोतीराम. गाडी वाजली असती तर सगळं उचगाव उठलं असतं. मग कोण ऱ्हायलं?”

“पोलिसांत दिलं?”

“न्हाय. मीठ खाल्लंय त्यानं आमचं. आज सांजपतूर म्हैस कुटं इकली ते सांग, न्हायतर गोठा सोडून जा म्हटलोय.”

म्हणजे संध्याकाळी जोतीराम चोर म्हणून बाहेर पडणार होता. कोल्हापुरातला कुठला गवळी मग त्याला दारात उभं करणार? क्रांतीनं ते मनात टिपून ठेवलं आणि वही उघडली.

“आणि माझ्याकडे काय काम?”

“कॅमेरं बसवायचं. आता तरी शानं व्हायला पायजे.” अमरसिंहनं माहितीपत्रकं पसरली. माणसानं अभ्यास केला होता, हे दिसत होतं. “घराला चार, साधं. गोठ्यात दोन. आवाज नको, निस्तं चित्र. पण बॅटरीवर चालणारं द्या. गोठ्यातली लाइन भरवशाची न्हाय. परवा दुपारीच पंखं बंद पडलंतं. आणि ह्यो एक, भारीतला.”

त्याचं बोट एका चकचकीत पानावर टेकलं. सिमकार्डावर आणि सोलरवर चालणारा, माईक आणि स्पीकर असलेला कॅमेरा. आपण मोबाइलवरून बोलायचं, की तिकडे ऐकू जातं.

“हा कुठे लावणार?”

“कोडोलीच्या शेडला. तितं वायफाय न्हाय.”

“शेडमध्ये काय असतं?”

“काय न्हाय. रिकामी हाय.”

“मग बोलायची सोय कशाला?”

“चोर आला तर दम देता येतोय नव्हं!”

“बरं. दादासो दोन दिवसांत येऊन बसवून देतील.”

“त्यो आजच पायजे. बसवायला कोण नको, मी सवता बसवतो.”

तो गेल्यावर दादासो खूश होता. “गिऱ्हाईक लई समजूतदार बघा. निम्मी माणसं घासाघीस करत्यात, ह्यो शिडी चढायलापण तयार.”

“जागा बघून घेऊ,” क्रांती म्हणाली. “दुपारी उचगावला. आणि तो भारीतला कॅमेरा दुकानातच राहू दे.”

*

शेळक्यांच्या बंगल्यासमोरच्या घरात आक्का ओसरीवर बसली होती. सकाळी आठ ते दिवेलागण, ती तिथंच असे. गल्लीला दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज नव्हती.

“बघितलो की मी,” आक्का म्हणाली. “अडीचला असंल. मागच्या वाटेनं गेला. जोतीरामचाच त्यो निळ्या चौकड्याचा शर्ट, डोस्क्याला टॉवेल.”

“तोंड बघितलं?”

“पाठमोरा हुता बाई. पुढं त्यो, हातात दावं, मागं म्हस. हाक मारलो तर वळलापण न्हाय. जोतीराम तसा उद्धट न्हाय.” तिनं पान जुळवत आवाज खाली आणला. “पण लोक म्हणत्यात, त्याचा त्या म्हशीवर लई जीव. मालकापेक्षा जास्त. कुणाला सोसंल?”

“कुणाला सोसेना?”

आक्कानं उत्तरादाखल पान तोंडात टाकलं.

*

अमरसिंहची बायको वर्षाराणी हिनं चहा दिला आणि स्वतः दारात उभी राहिली. कॅमेरा कुठे हवा, असं विचारताच ती एकदम बोलू लागली.

“गोठ्यात लावा. आवाजाचा लावा. मलाबी ऐकू दे की, एवढं काय बोलत्यात तिच्याशी. लग्नाला चौदा वर्सं झाली, पण मला कधी इचारलं न्हाय, जेवलीस का म्हणून. तिला रोज इचारत्यात. बदाम काय, तेल काय. माझ्या केसाला एवढं तेल कवा मिळालं न्हाय.”

“राग येतो तिचा?”

“येतो की. तोंडावर सांगतो. दसऱ्याला म्हटलोतो, बाजार दाखवा हिला.” मग ती थोडी नरमली. “पण खरं सांगू? तिला ह्यांचं काय पडलंय? ह्ये हाक मारत्यात, ती बघती जोतीरामकडं. मग ह्ये दोन-दोन दिवस कुणाशी बोलत न्हाईत. माझं जे हुतंय तेच ह्यांचं हुतंय. मला थोडं बरं वाटतंय त्याचं.”

दादासोनं चहा पिता पिता मान हलवली. बाहेर आल्यावर तो कुजबुजला, “बाईच हाय. सवत म्हणून काढली म्हस.”

“आक्कानं पुरुष बघितलाय, दादासो.”

“शर्ट घालून जाईल की.”

“साडेपाच फुटी आक्का त्यांना रोज बघते. वर्षाराणी तिच्या खांद्याला लागतात.”

*

धाकटा भाऊ विजयसिंह पलीकडच्या घरात वेगळा राहत होता. त्याच्या दारावर आधीच सहा कॅमेरे होते.

“दादाच्या आदी बसवलोय मी,” तो म्हणाला. “तो सात बसवणार म्हणं? मग मी अजून दोन लावतो.” त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हशीला मोटरसायकलमागं पळवायचा सराव करताना पडला होता.

“गेल्या पाडव्याला तुमची म्हैस दुसरी आली ना?”

“पयलीच आली असती!” त्याचे डोळे चमकले. “पंचांनी मैनाला नंबर दिला, पण काय झाल्तं ते इचारा की दादाला. भर चौकात गाडी फडफडवत पुढं निघाला हा, आणि मैना मागं न्हायच! गर्दीत जोतीराम उभा हुता, त्याच्या खांद्यावर तोंड टाकून उभी. लोक हसून हसून पडली. मोबाइलवर कोल्हापूरभर फिरलं ते. दादा महिनाभर चौकात गेला न्हाय.” तो स्वतःच हसला, मग थांबला. “माझी म्हस तेवढीपण कुणाच्या खांद्यावर तोंड टाकत न्हाय, ती गोष्ट येगळी.”

“मैना कोणी नेली असेल?”

“मला पाडव्याला तिला हारवायची हाय. ती नसताना पयला आलो तर त्यात काय मजा?”

*

जोतीराम गोठ्याबाहेर बसला होता. शेजारी गाठोडं बांधून तयार होतं. अमरसिंहनं त्याला आत जायला मनाई केली होती, पण क्रांतीला जागा दाखवायची म्हणून तो उठला. आत शिरताच अकराच्या अकरा म्हशींनी माना वळवल्या.

“कॅमेरा कुठे लावू, जोतीरामकाका?”

“लाल दिवा लागतोय काय त्याचा रातीचा? तोंडासमोर नको मग. जनावर बसायचं न्हाय.”

दादासो बटणांची पेटी बघत होता. “ह्यो खटका पडतोय काय ओ?”

“पंखं आणि पाण्याची मोटर एकदम लावली की पडतोय. सोमवारी आलो तवा पडलाताच. म्या वर केला.”

“तुम्ही दोनला गेलात तेव्हा?” क्रांतीनं विचारलं.

“पंखं फिरत हुतं की.”

“पंखे बंद होते, हे कुणाला सांगितलं?”

“कुणाला सांगू? कोण ऐकून घेतंय माझं? आल्या आल्या वैनीसाब वरडल्या म्हस कुटं म्हणून. मालक आलं ते शिव्या देतच.” त्यानं मैनाच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. “हितली फरशी वली हुती. दुपारच्या उन्हात काढायची म्हणून कुणीतरी तिच्या पाठीवर पाणी मारलंतं. तेवढं बरं केलं त्यानं.”

चोराची बाजू घेणारा असा आरोपी क्रांतीनं पहिल्यांदाच पाहिला.

“तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट?”

“खुंटीला असतोय. सोमवारपासनं गावंना.”

वाट मोकळी व्हावी म्हणून त्यानं एक म्हैस बाहेर काढली. दावं तिच्याच गळ्यात गुंडाळलं, पाठीवर हात ठेवला आणि तिच्या मागून चालत निघाला. म्हैस आपली आपण पिंपळाखाली जाऊन उभी राहिली.

“नेहमी असंच नेता?”

“म्होरं जाऊन काय करायचं? तिला वाट ठावं हाय.”

क्रांती दादासोकडे वळली. “सगळ्यांना अंगणात बोलवा. आणि अमरसिंहना सांगा, त्यांचा भारीतला कॅमेरा कुणासाठी लागणार ते मला कळलं.”

“चोरासाठी नव्हं?”

“बोलवा तर खरं.”

*

चार वाजले होते. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. विजयसिंह कुबडी टेकत आला होता, आक्का न बोलावता आली होती. जोतीराम लांब गाठोड्याजवळ उभा होता.

“कॅमेरा निवडताना माणूस खोटं बोलू शकत नाही,” क्रांतीनं सुरुवात केली. “ज्याची भीती, ज्याची ओढ, तिकडेच तो कॅमेरा लावतो. वर्षाराणींना गोठ्यातलं बोलणं ऐकायचंय. विजयसिंहांना भावापेक्षा एक जास्त पाहिजे. जोतीरामकाकांना म्हशीच्या झोपेची काळजी. आणि अमरसिंह, तुम्हाला?”

“चोर धरायचाय मला,” अमरसिंह म्हणाला.

“मग चोराविषयीच बोलू. आक्का, म्हैस नेणारा पुढे होता की मागे?”

“पुढं. दावं धरून.”

“जोतीरामकाका म्हशीच्या मागून चालतात, दावं हातात न धरता. आज मी बघितलं. आक्कांना जो दिसला तो शर्ट जोतीरामकाकांचा होता, चाल नव्हती. म्हशीच्या पुढे चालायची सवय कुणाला? जो आयुष्यभर मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस मागे असा मिरवतो, त्याला.”

“विजा!” अमरसिंह भावाकडे वळला.

“माझा पाय बघ की दादा,” विजयसिंह प्लास्टरावर कुबडी ठोकत म्हणाला.

“माणूस धाडला असंल!” दादासोला राहवलं नाही. त्याचा हा नवा अंदाज होता.

“धाडलेला माणूस दावं सोडतो आणि म्हैस घेऊन पळत सुटतो, दादासो. या चोरानं आधी मोटर लावली आणि मैनाच्या पाठीवर पाणी मारलं. पकडले जायची भीती असताना. उन्हात म्हैस काढायची तर अंग भिजवल्याशिवाय काढायची नाही, ही गवळ्याच्या हाताची सवय. डोकं चोरी करत होतं, हात मालकासारखे वागत होते. मोटर लावली आणि खटका पडला. पंखे बंद झाले.”

पिंपळाखालची म्हैस कान हलवत होती.

“ते पंखे दोननंतर बंद पडले आणि चारला जोतीरामकाकांनी सुरू केले. कुणाला सांगितलं नाही. म्हणजे ही गोष्ट दोघांनाच माहीत. एक जोतीरामकाका आणि दुसरा ज्यानं म्हैस नेली तो. अमरसिंह, सकाळी दुकानात तुम्ही गोठ्यासाठी बॅटरीचा कॅमेरा मागितलात. म्हणालात, परवा दुपारी पंखे बंद पडले होते. तुम्ही तर सकाळपासून कोडोलीत होतात. तुम्हाला कसं कळलं?”

अमरसिंह खुर्चीतून अर्धवट उठला.

“ह्यांनी?” वर्षाराणीला बसायला खुर्ची सापडेना. “सवताची म्हस सवता चोरली? का?”

“काकांना नुसतं काढलं असतं, तर गाव म्हणालं असतं, मालक गड्यावर जळतो. गेल्या पाडव्याचं सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांना चोर ठरवायचं. मग पाडव्याच्या आधी मैना कुठेतरी ‘सापडणार’, आणि गर्दीत तोंड टाकायला दुसरा खांदा नसणार. टेम्पो मागच्या वाटेवर उभा करून ते पायी आले. गाडी वाजवता येत नव्हती. आणि पायी नुसत्या हाकेनं मैना यांच्यामागे आली नसती. म्हणून शर्ट घालावा लागला.”

“खोटं हाय,” अमरसिंह म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला असेल नसेल.

“असेल. मग एवढं सांगा. घराला साधे कॅमेरे, अकरा म्हशींच्या गोठ्याला मुके कॅमेरे, आणि कोडोलीच्या रिकाम्या शेडला बोलणारा. तोही आजच्या आज, आणि दादासोनं तिथं जायचं नाही. रिकाम्या शेडमध्ये तुम्हाला कुणाशी बोलायचंय?”

मग लांबून जोतीरामनंच विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती.

“मालक, तितं पाणी कोण पाजतंय तिला?”

या प्रश्नानं अमरसिंह मोडला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मीच जातो सकाळ-सांज. पाणी पिती. वैरणीला तोंड लावत न्हवती. तुझा शर्ट दावणीसमोर टांगला, तवा खाल्ली.” तो म्हणाला. “माझी म्हस हाय रे ती! पारडू हुती तवा मी आणली बाजारातनं. बदाम मी घालतोय. आणि मी गेलो की तिचं डोळं तुला हुडकत्यात. मला वाटलं, दूर असताना माझाच आवाज ऐकत ऱ्हायली, तर लागंल सवय.”

जोतीराम दोन पावलं पुढे आला.

“चोर म्हटलासा, ते सोसलं असतं,” तो म्हणाला. “पण माझा शर्ट घालून चोरलासा आणि मग मला चोर म्हटलासा, मालक. ते न्हाय सोसायचं.”

“माझ्याकडं ये, जोतीराम!” विजयसिंह लगेच पुढे सरसावला. “आजपासनं!”

“तुमी गप बसा,” वर्षाराणी कडाडली, आणि पहिल्यांदाच दीर गप्प बसला.

*

दिवस मावळायच्या आत चौघं कोडोलीला पोचले. टेम्पो अमरसिंहनं चालवला. शेजारी जोतीराम बसला होता, मांडीवर गाठोडं घेऊन. क्रांती आणि दादासो मागून त्यांच्या गाडीतून आले.

शेडचं दार उघडताच आतून मोठा हंबरडा आला. अमरसिंहनं मैनाचं दावं सोडलं आणि मागे सरकला. सवयीनं त्यानं जोतीरामकडे बघितलं.

“हाक मार की.”

“न्हाय. तुमी मारा.”

“ती यायची न्हाय.”

“आज यायची न्हाय. उद्या मारा. धार सवता काढा, शेण सवता भरा. बदामावर जनावर भुलत न्हाय.” जोतीरामनं गाठोडं खांद्यावर घेतलं. “मी लेकीकडं निघालो, मालक. माझं नाव धुतलं गेलं, तेवढं बास. मी हितं ऱ्हायलो, तर ती मलाच बघणार, आणि तुमी परत कायतरी करणार. मैनाला तरास नको.”

“पाया पडतो तुझ्या, जाऊ नको.”

जोतीराम थांबला नाही. तो मैनाच्या जवळूनही गेला नाही, शेडला लांबून वळसा घालून एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. दादासोनं डोळे पुसले आणि क्रांतीला विचारलं, “हाक मारून थांबवूया का?”

“नको. बरोबर सांगितलं त्यांनी.”

मैना उघड्या दारात येऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली. तिच्या मागे उभा राहून अमरसिंह तिला नावानं हाका मारत होता. तिनं मान वळवली नाही. जोतीराम दिसेनासा झाला तरी ती तिथंच उभी होती, आणि अमरसिंह हाका मारत होता.